अर्ध्या झाडाचा मोहोर

यंदा थंडीने आम्हा बडोदेकरांवर फारशी सक्ती केली नाही. पेटीतल्या गोधड्या बाहेर निघाल्या खऱ्या, परंतु रात्री अंगावर घेतलेली गोधडी पहाटेपर्यंत पायांशी गेलेली असे. सकाळी फिरावयास निघालेली वृद्ध मंडळी कानटोपी घालून घराबाहेर पडत आणि परतताना ती खिशात घालून येत. जो तो म्हणे, "काय सुखाची थंडी पडली आहे!" केवळ आमच्या शेजारच्या काकांचा चेहरा मात्र उतरलेला असे. ते म्हणत, "ही कसली थंडी! ही तर थंडीची नुसती आठवण आहे."

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. पत्नी वारल्यापासून घरात एकटेच राहतात. त्यांच्या अंगणात एक रायवळ आंब्याचे झाड आहे. काकूंनी माहेराहून आणलेली कोय तेथे रुजवली होती. काकांना थंडी का हवी होती, हे मला त्या झाडाखाली उभे राहिल्यावरच कळले. परंतु ते पुढे सांगेन. आधी या सौम्य हिवाळ्याने आमच्या पदरात काय काय टाकले, ते वाचकांस सांगावेसे वाटते.

पहिले सुख ओट्यावरच्या कोवळ्या उन्हाचे. त्यास पैसा पडत नाही आणि ते कोणी एकट्याने खात नाही. पाठ उन्हाकडे करून बसावे, हाती चहाचा पेला असावा आणि समोर कोणी तुरीच्या ओल्या शेंगा सोलीत असावे. गप्पा आपोआप सुरू होतात. दुसरे सुख पोंकाचे. ज्वारीची हिरवी कणसे भाजून त्यांचे दाणे काढतात, त्यावर लिंबाच्या चवीची शेव घालतात. आपल्याकडे ज्यास हुरडा म्हणतात, तोच हा. गुजराथेत आला आणि नाव बदलून राहिला, इतकेच. तसेच सेव-उसळीचे. गायकवाडांबरोबर मराठी माणसे अठराव्या शतकात या नगरीत आली, ती आपली उसळही घेऊन आली. तिच्यावर येथील शेवेचा ढीग पडला आणि ती बडोद्याची होऊन गेली. थंडीच्या सायंकाळी तिच्या गाडीभोवती उभे राहणाऱ्यांत मराठी कोण आणि गुजराथी कोण, हे ओळखू येत नाही.

डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सहा वाजण्यापूर्वीच मावळतो. फेब्रुवारीअखेर तो साडेसहा ओलांडतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो. वास्तविक तो 22 डिसेंबरपासूनच वाढू लागलेला असतो, परंतु आमच्या ध्यानी येतो तो 14 जानेवारीस, पतंगाच्या दोरीस धरून गच्चीवर उभे राहिल्यावर. युरोपातील लोकांनाही या वाढत्या दिवसांचे अप्रूप होतेच. आपल्या उपवासकाळास इंग्रजीत 'लेंट' म्हणतात, तो शब्द मूळचा वसंत ऋतूचा आहे आणि दिवस लांबण्यावरूनच तो आला. राखेच्या बुधवारी कपाळी राख घेऊन आपण बाहेर पडतो, तेव्हा झाडे नव्या पानांची तयारी करीत असतात, हे या शब्दाने जपून ठेवले आहे.

वसंताची पहिली खूण मला यंदा सयाजी बागेकडे जाताना भेटली. महाराज सयाजीराव गायकवाडांनी 1879 साली विश्वामित्री नदीच्या काठी ही बाग लोकांसाठी उभारली. जुने लोक तिला अजून कमाटी बागच म्हणतात. वाटेवरच्या एका काटेसावरीने आपली सगळी पाने टाकून दिली होती आणि उघड्या फांद्यांवर लाल, मांसल फुले उमलली होती. त्यांतील मध पिण्यास भोरड्यांचा थवा उतरला होता. हे गुलाबी अंगाचे आणि काळ्या डोक्याचे पक्षी मध्य आशियातून आमच्याकडे हिवाळा काढावयास येतात आणि एप्रिलच्या सुमारास परत जातात. इतका कलकलाट चालला होता की, रिक्षावालाही क्षणभर थांबून वर पाहू लागला. पलीकडे कोठे तरी तांबट पक्ष्याची टुकटुक सुरू झाली होती. तांब्याच्या भांड्यावर कोणी हातोडी मारीत बसावे, तसा त्याचा आवाज. तो वाढू लागला की, ऊन तापणार असे समजावे.

आमच्या नगरीची आणखी एक खूण आहे. ती वाचून आपणांस कदाचित भीती वाटेल. विश्वामित्रीत मगरी आहेत, त्याही भर वस्तीत. मगरीचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून ऊब धरीत नाही. म्हणून थंडीच्या दिवसांत त्या काठाच्या मातीवर येऊन तासन्‌तास ऊन खात पडून राहतात. पुलावरून जाणारी मुले त्यांना मोजतात. हिवाळा सरताना मादी काठावर खड्डा खणून अंडी घालते, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी पिले बाहेर येतात. ओट्यावर बसलेले आम्ही आणि काठावर पडलेल्या त्या, एकाच उन्हाचे भागीदार आहोत, असे त्यांना पाहून वाटते.

काही खुणा येण्याच्या असतात, काही जाण्याच्या. डभोईजवळ वढवाणा येथे मोठा तलाव आहे. शेतीस पाणी मिळावे म्हणून बडोदे संस्थानने तो विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. 2021 साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचे नाव गेले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस हिमालय ओलांडून तेथे हिवाळ्यास येतात. फेब्रुवारी सरू लागली की त्यांची चुळबुळ सुरू होते आणि एके दिवशी तलावाचा तो भाग रिता दिसतो. ज्यांनी माणसे शेतास पाणी मिळावे म्हणून तळे बांधताना पाखरांचा विचारही केला नसेल, त्यांच्या हातून पाखरांचीही सोय झाली. सत्कृत्याचे असेच असते. ते कोणाकोणाच्या उपयोगी पडेल, हे करणाऱ्यास कळत नाही.

आता काकांकडे वळू. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला मोठा पूर आला. धोक्याची पातळी 25 फुटांची. पाणी तीहून सुमारे दहा फूट वर गेले. अर्धे शहर पाण्यात होते आणि नदीतल्या मगरी लोकांच्या अंगणांत आल्या होत्या. काकांच्या घरात छातीएवढे पाणी शिरले. ते ओसरले तेव्हा काकूंच्या हातच्या लोणच्याच्या बरण्या, जुने फोटो, धान्य, सारे गाळात गेले होते. आंबा दिवसेंदिवस गाळात उभा होता. त्यानंतर तो मोहोरलाच नाही. पुण्यास असणारा मुलगा सांगू लागला, "बाबा, घर विका आणि इकडे या. दर पावसाळ्यात आम्हांला झोप लागत नाही." मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. काकांनाही ते कळत होते. परंतु त्यांनी उत्तर दिले, "झाड यंदा मोहोरले तर राहीन, नाही तर येईन."

म्हणून ते थंडीची वाट पाहत होते. त्यांनी मला फांदीचे टोक दाखविले आणि म्हणाले, "हा डोळा पाहा. यातून मोहोरही निघतो आणि पालवीही. काय निघावे हे थंडी ठरविते. रात्री चांगल्या गार झाल्या तर मोहोर. उबदार राहिल्या तर नुसती तांबूस पाने. तुम्हांला थंडी नको असते, झाडाला ती हवी असते." मला त्या दिवसापासून मध्यरात्री गोधडी पायांशी सारताना थोडे अपराध्यासारखे वाटू लागले. आपल्या सुखाची ऊब शेजाऱ्याच्या अंगणातली आशा जाळीत असेल, हे आजवर माझ्या मनातही आले नव्हते.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला आणि चार-पाच रात्री खरोखर थंड गेल्या. सगळे कुरकुरले. काका तेवढे प्रसन्न दिसले. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्यांनी मला पहाटेच हाक मारली. झाडाच्या उत्तरेकडील फांद्या पिवळसर मोहोराने भरल्या होत्या आणि मधमाश्या त्यांवर गुणगुणत होत्या. दक्षिणेकडील फांद्यांवर मात्र केवळ तांबूस, लुसलुशीत पालवी होती. अर्धे झाड एक बोलत होते आणि अर्धे दुसरे.

मी संकोचाने विचारले, "काका, आता काय ठरविणार? झाडाने तर निम्मेच उत्तर दिले."

काका बराच वेळ वर पाहत राहिले. मग म्हणाले, "निम्मे कसे? पुरते दिले आहे. ज्या फांद्यांना आज पालवी आहे, त्या पुढच्या वर्षी मोहोरतील. ज्या आज मोहोरल्या, त्या तेव्हा विश्रांती घेतील. मीही तसेच करावे. आंबे उतरेपर्यंत येथे राहतो. पावसाळा पुण्यास काढतो, म्हणजे मुलाला झोप लागेल. दिवाळी झाली की परत येतो."

त्याच दुपारी त्यांनी मुलाला फोन केला. मी ओट्यावरून ऐकत होतो. पलीकडून मुलगा काही तरी फार वेळ बोलत होता आणि काका नुसते "हो, हो" म्हणत हसत होते. पुरानंतर त्यांचे ते हसणे मी प्रथमच ऐकले.

वाचकहो, आपल्याही अंगणात या दिवसांत एखादे झाड असेच काही तरी सांगत उभे असेल. शेवगा फुलला असेल, पांगाऱ्याने पाने टाकली असतील, आंब्याखाली पहाटे बारीक मोहोर सांडलेला दिसेल. कामाच्या घाईत दोन क्षण थांबून वर पाहावे. आणि शेजारी कोणी एकटे असेल, तर त्यासही हाक मारून दाखवावे. उन्हाप्रमाणे हे सुखही वाटून घेतल्याने कमी होत नाही.