रिकाम्या शस्त्रागारात कुणाचा इतिहास?

मागच्या महिन्यात आमच्या ग्रुपवर वर्ध्याच्याच एका भावानं फोटो टाकला. तो अमेरिकेत सिएटलला नोकरीला आहे. फोटोत तळ्याकाठची एक पांढरी, चौकोनी, भक्कम इमारत. खाली त्यानं लिहिलं होतं, "हे नौदलाच्या राखीव दलाचं शस्त्रागार होतं, आता इतिहासाचं संग्रहालय आहे. आपल्याकडे असं कधी होणार?" पन्नासेक जणांनी अंगठे दाखवले, दोघांनी 'जय भीम' लिहिलं आणि विषय संपला.

आमच्या मते तो संपायला नको होता. आपण पुलगावच्या डेपोच्या जिल्ह्यातली माणसं. शस्त्रं ठेवायची जागा म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण भावाचा प्रश्न अर्धाच आहे. शस्त्रागाराचं संग्रहालय झालं हे ठीक, पण संग्रहालयात इतिहास कुणाचा मांडला जातो आणि ते ठरवतं कोण?

आधी त्या इमारतीबद्दल. सिएटल शहराच्या मध्यात लेक युनियन नावाचं तळं आहे, त्याच्या दक्षिण काठावर हे शस्त्रागार 1941-42 मध्ये उभं राहिलं. राखीव दल म्हणजे एरवी आपापली कामं करणारे नागरिक, जे ठरलेल्या दिवशी येऊन कवायत करतात आणि युद्ध लागलं की बोलावले जातात. त्यांच्यासाठी आत मोठं कवायतीचं सभागृह होतं. इमारत बांधली ती डब्ल्यूपीए या सरकारी योजनेतून. मंदीच्या काळात बेकारांच्या हाताला काम मिळावं म्हणून रूझवेल्ट सरकारनं ती काढली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर रोजगार हमी. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात रोहयोवर खडी फोडणाऱ्या आयाबायांची नावं जशी कुठल्याही पाझर तलावावर नाहीत, तशीच त्या मजुरांचीही इमारतीवर नाहीत. वास्तुविशारदांची मात्र नोंद आहे: प्रिटेका आणि ग्रँट.

4 जुलै 1942 ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, या शस्त्रागाराचा लोकार्पण सोहळा झाला. ही तारीख लक्षात ठेवा. त्याच वर्षी वसंतात सिएटलमधल्या जपानी वंशाच्या कुटुंबांना घरंदारं, दुकानं सोडायला लावून जवळच्या पुयालप गावातल्या जत्रेच्या मैदानावर काटेरी तारांच्या आत कोंडलं होतं. त्यांतले कितीतरी जन्मानं अमेरिकन नागरिक होते. गुन्हा एकच, जन्म. जन्मावरून माणसाची जागा ठरवणं म्हणजे काय, हे या ब्लॉगच्या वाचकाला वेगळं सांगायची गरज नाही.

आणि त्याच जुलैत, दोनच आठवड्यांनी, आपल्या नागपुरात काय चाललं होतं? 18 ते 20 जुलै 1942 ला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले तेही याच महिन्यात. त्याआधी वर्षभर ते लष्करातल्या भरतीसाठी झगडत होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत काढून महारांना फौजेची दारं बंद केली होती. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभारली आणि गरज सरताच मोडली. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, ती मागणी आणि पाठपुरावा करूनच. तेव्हा कुणी आम्हाला 'लष्कराशी तुमचा काय संबंध' असं म्हणत असेल तर त्यानं आधी सुभेदार रामजी सकपाळांचं नाव घ्यावं.

पुन्हा सिएटलकडे येऊ. युद्धात त्या इमारतीत नौसैनिकांचं प्रशिक्षण झालं, नंतर राखीव दलाच्या कवायती पुढची कित्येक दशकं चालू राहिल्या. शतकाच्या शेवटी नौदलाला ती नकोशी झाली आणि शहराच्या ताब्यात आली. भोवती उद्यान झालं. शहराच्या इतिहास आणि उद्योग संग्रहालयाची जुनी जागा एका महामार्गाच्या रुंदीकरणात जाणार होती. त्या बदल्यात पैसे मिळाले आणि डिसेंबर 2012 मध्ये संग्रहालय या शस्त्रागारात सुरू झालं. कवायतीच्या सभागृहात आता बोईंग कंपनीचं जुनं टपालाचं विमान छताला टांगलेलं आहे. अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोसनं तिथल्या 'नवनिर्मिती केंद्रा'साठी 1 कोटी डॉलर दिले. अ‍ॅमेझॉनच्या कचेऱ्याही त्याच परिसरात.

यात वाईट काही नाही. पण पैसे देणाऱ्याच्या नावाचं दालन होतं, खडी फोडणाऱ्याच्या नावाचं होत नाही. कारस्थान असावंच लागत नाही त्यासाठी. मागायला कोण आलं आणि हातात काय घेऊन आलं, यावर ते ठरतं.

त्याच शहरात मागायला आलेल्यांचंही एक उदाहरण आहे. तिथल्या फोर्ट लॉटन या लष्करी तळाची बरीच जमीन लष्कराला नकोशी झाली, तेव्हा शहरानं तिथं बाग करायचं ठरवलं. 8 मार्च 1970 ला बर्नी व्हाइटबेअर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतले मूलनिवासी कुंपण ओलांडून आत शिरले. म्हणाले, ही जमीन आमची होती, तुम्हाला नको असेल तर आम्हाला परत द्या. लष्करी पोलिसांनी पकडलं, बाहेर काढलं. ते पुन्हा आले. पण आपल्या कार्यकर्त्यांनी नीट वाचावं असं खरं तर त्यानंतरचं आहे. त्यांनी संस्था उभी केली, वाटाघाटी केल्या, वकील लावले आणि शहराकडून सुमारे 20 एकर जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळवली. 1977 मध्ये तिथं त्यांचं 'डेब्रेक स्टार' सांस्कृतिक केंद्र उघडलं. आंदोलनाचे फोटो गाजले, पण केंद्र उभं राहिलं ते भाडेपट्ट्याच्या कागदावर.

आपल्याकडे असं झालंच नाही, असं म्हणणं आपल्याच लोकांवर अन्याय आहे. महूला बाबासाहेबांचा जन्म झाला तो लष्कराच्या वसाहतीत. ती जागा लष्कराच्या ताब्यात होती. भन्ते धर्मशील आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून ती स्मारकासाठी मिळवली. 14 एप्रिल 1991 ला पायाभरणी झाली, 14 एप्रिल 2008 ला स्मारकाचं लोकार्पण. पायाभरणीपासूनची सतरा वर्षं, आणि त्याआधीची वेगळी. कोरेगावचा जयस्तंभ तर इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी उभारला होता. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं गेले आणि त्या दगडाचा अर्थ बदलला. सिएटलच्या शस्त्रागाराला पुनर्वापरासाठी कोट्यवधी डॉलर लागले, भीमा नदीच्या काठावर मात्र लोकांनी पायी जाऊन तो केला.

आता आपल्या जिल्ह्याचं पाहू. वर्धा म्हटलं की जगाला सेवाग्राम आठवतं. तिथल्या कुट्या जपल्या आहेत, जपायलाच हव्यात. पण ज्या जिल्ह्याची ओळख अहिंसेची, त्याच जिल्ह्यात देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे, हे पर्यटनाच्या पुस्तिकेत नसतं. 31 मे 2016 च्या पहाटे पुलगावच्या डेपोला आग लागली. दोन लष्करी अधिकारी आणि आगीत उतरलेले अग्निशमन दलाचे कर्मचारी गेले. आसपासच्या गावांतल्या लोकांनी रात्रीतून घरं सोडली. 20 नोव्हेंबर 2018 ला सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानावर जुना दारूगोळा निकामी करण्यासाठी उतरवताना स्फोट झाला, सहा माणसं गेली. त्यातली बहुतेक रोजंदारीवर खोके उचलायला आलेली, आसपासच्या खेड्यांतली.

डेपो चालू आहे, त्याचं संग्रहालय करा अशी मागणी आम्ही करत नाही, ती पोरकटपणाची होईल. पण गेलेल्यांची नावं वर्धा शहरात कुठे एका ठिकाणी वाचायला मिळतात का? अधिकाऱ्यांची मिळतील. खोके उचलणाऱ्यांची? भूमिहीन माणूस बाजारात भाव नसलेल्या दिवशी कुठल्या कामाला जातो, हे देवळी तालुक्यात कुणालाही विचारा. उद्या पन्नास वर्षांनी यातली एखादी जुनी इमारत रिकामी होईल, तेव्हा तिथं काय मांडायचं याची यादी आत्ताच करावी लागेल, कारण तेव्हा सांगणारं कुणी उरणार नाही.

काही मंडळी म्हणतील, पोरांना नोकऱ्या नाहीत आणि तुम्हाला संग्रहालयं सुचतात! हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. पण दोन्ही लढाया एकाच कचेरीत लढाव्या लागतात. आमचाच अनुभव सांगतो. आमच्या वस्तीजवळ एक सरकारी गोदाम कित्येक वर्षं रिकामं होतं. पावसात गुरं बसायची. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका म्हणून द्या, असा अर्ज आम्ही केला. मोर्चाही काढला, घोषणाही चांगल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "संस्था नोंदणीकृत आहे का? मागच्या तीन वर्षांचं ऑडिट आहे का?" आमच्याकडे बॅनर होता, ऑडिट नव्हतं. सहा महिन्यांनी ते गोदाम दुसऱ्याच एका मंडळाला मिळालं, त्यांच्याकडे कागद होते. राग आला. जातीचं राजकारणही त्यात होतं, नव्हतं असं आम्ही म्हणणार नाही. पण आमच्या फाइलमध्ये त्या कचेरीला नाकारायला सोपं पडेल असं भोकही होतं, आणि ते आम्हीच ठेवलं होतं.

सिएटलच्या भावाला आम्ही वेगळं काम सांगितलं आहे. 21 फेब्रुवारी 2023 ला त्या शहराच्या कौन्सिलनं सहा विरुद्ध एक मतानं जातिभेदाला बंदी घातली. अमेरिकेतलं असं पहिलं शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. सभागृहात आणि बाहेर थंडीत उभे होते त्यात आपले आंबेडकरी लोक होते, ज्यांना ऑफिसात आडनाव विचारून जात काढली जाते ते होते. हा त्या शहराचा इतिहास आहे, बोईंगच्या विमानाइतकाच. मग त्या दिवसाचे फलक, पत्रकं, साक्षी नोंदवलेली भाषणं कुठे आहेत? कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या जुन्या फोनमध्ये. संग्रहालयं अशा वस्तू दान म्हणून घेतात, त्यासाठी त्यांचे ठरलेले अर्ज असतात. भावाला म्हटलं, पुढच्या वेळी तिकीट काढून विमान बघायला जाऊ नकोस, तो अर्ज घेऊन ये.

त्यानं विचारलंय, फलक मराठीत आहे, चालेल का? आम्ही म्हटलं, मराठीतलाच दे, भाषांतर सोबत जोड.

आणि इकडे आमच्या संस्थेची नोंदणी झाली आहे, दोन वर्षांचं ऑडिट पूर्ण आहे. तिसऱ्याचं चालू आहे. स्टेशनाकडच्या रस्त्याला आणखी एक बंद गोदाम आम्ही हेरून ठेवलंय. ज्यांना मिळकत पत्रिका वाचता येते, त्यांनी रविवारी सकाळी विहारात यावं.