कपाट कुणाचं?

गेल्या वर्षी मी एका ॲपचं डिझाइन केलं. कल्पना सोपी होती. आपल्या कपड्यांचे फोटो काढून फोनमध्ये एक कपाट बनवायचं, ते इतर मुलींसाठी उघडायचं, एकमेकींचे कपडे वापरायला मागायचे आणि ‘आज काय घालू?’ असं विचारलं की सल्ला मिळायचा. पुण्यातल्या मीटिंगमध्ये सगळ्यांना ते आवडलं. मलाही आवडलं. आज मी त्याच्या विरोधात लिहितेय, तर आधी हे कबूल करते की त्याच्या पहिल्या सात स्क्रीन माझ्या हातच्या आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे. कपडे वाटून घालणं ही चांगली गोष्ट आहे आणि आपल्या बायका ती पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात. पण आम्ही जे बनवलं त्यात कपड्यापेक्षा मुलगीच जास्त वाटली जात होती. हे चुकून झालं नाही. आम्ही ते तसं बनवलं होतं.

मी मूळची मेढ्याची. जावळी तालुक्याचं ठिकाण, वेण्णेच्या काठचं. साताऱ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला जाणाऱ्या एसटीत बसलात तर वाटेत लागतं. टीमला ‘छोट्या गावातली युजर’ हवी होती. मी म्हटलं, माझ्या घरातच आहे. माझी आतेबहीण एकोणीस वर्षांची, रोज एसटीने साताऱ्याला कॉलेजला जाते. फोन घेऊन मी तिच्यासमोर बसले. पहिल्या स्क्रीनवर मीच लिहिलेलं वाक्य होतं: ‘तुझे कपडे अपलोड कर.’

तिने लोखंडी कपाट उघडलं आणि थांबली.

“ताई, ह्यातलं माझं म्हणून कुठलं टाकू? ही साडी आईची हाय, पण नेसते मीच. हा ड्रेस मुंबईच्या ताईचा, आता मी घालते, पुढच्या वर्षी धाकटी घालंल. आन्‌ ही पैठणी काकीची. आमच्या कपाटाला कुलूप हाय म्हणून हितं ठेवलीय.”

आमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक कपड्याला एकच मालक होता. तिच्या कपाटात एकाही कपड्याला एकच मालक नव्हता.

आमच्याकडची निम्मी घरं मुंबईत आहेत. माथाडी म्हणून गेलेल्या माणसांची आता तिसरी पिढी तिकडे आहे. यात्रेला मुंबईकर येतात तेव्हा बॅगेत कपडे येतात. ते मोठीच्या अंगावरून मधलीच्या, मधलीच्या अंगावरून धाकटीच्या अंगावर जातात. साडी सगळ्यांना होते, अडतं ते ब्लाउजपाशी. म्हणून शिवणारी बाई आतल्या शिलाईला दोन बोटं कापड जास्त सोडते. त्याला माया म्हणतात. अंग भरलं किंवा ब्लाउज दुसरीकडे गेला की शिलाई उसवायची आणि माया सोडायची. म्हणजे कपडा शिवतानाच तो उद्या दुसरीच्या अंगावर जाईल हे धरलेलं असतं. अगदी विरला की मग वाकळेत जातो, नाहीतर बोहारणीकडे, एका पातेल्याच्या बदल्यात.

हे सगळं फार गोड आहे असं मी सांगणार नाही. आमच्या आळीतली साडी आळीबाहेर जात नाही. बाहेर जायचे ते उतरलेले कपडे, एकाच दिशेने, आणि ते परत कुणी मागायचं नाही. याला वाटून घेणं म्हणत नाहीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना सांगितलं होतं की ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते ते सोडून द्या. आपल्या अंगावरचा कपडा दुसऱ्याला काय सांगतो, हे त्यांना आमच्या स्टाइल टीमपेक्षा खूप आधी आणि खूप नीट कळलं होतं.

म्हणूनच मला ॲपची कल्पना आवडली होती. पुण्याच्या होस्टेलवर असताना पहिल्या मुलाखतीला मी घातलेली फॉर्मल पँट रूममेटची होती. ती नांदेडची. तिने फक्त एवढंच म्हटलं, “डाग पाडू नकोस.” मला वाटलं, जिला अशी रूममेट नाही, जिच्या आळीत मागण्यासारखं कुणी नाही, तिच्यासाठी हे ॲप आहे.

मग आम्ही काय केलं? कपडा मागणाऱ्या मुलीचं पूर्ण नाव, फोटो आणि तारे मालकिणीला दिसतील अशी स्क्रीन केली. महाराष्ट्रात आडनाव दाखवणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी मीटिंगमध्ये विचारलं, आडनाव कशाला? उत्तर आलं, “विश्वासासाठी.” म्हणजे आळीची वेस आम्ही फोनमध्ये पुन्हा बांधत होतो, यावेळी बटणासकट.

भाड्याने कपडे देणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली रेंट द रनवे सुरू झालं, नंतर आपल्याकडे फ्लायरोबसारख्या कंपन्या आल्या. नवरदेवाची शेरवानी भाड्याने घेणं आता कुणालाच नवं नाही. कपडा दुकानाचा असतो. पैसे द्या, न्या, परत करा. कुणाचं कपाट उघडावं लागत नाही आणि तुम्ही कशा दिसता यावर दुकानदार मतं मागवत नाही.

सल्ल्याचं प्रकरण यापेक्षा अवघड आहे. मेढ्यात वाढलेल्या मुलीला कपड्यांवर सल्ला कमी पडतो असं ज्याला वाटतं, त्याने एकदा स्टँडवर उभं राहून बघावं. ओढणी कुठाय, बाही केवढी, हे कुणाचं घातलंयस? सगळं फुकट आणि न मागता. यंत्राचा सल्लाही करून झालाय. ॲमेझॉनने २०१७ मध्ये ‘एको लुक’ नावाचा कॅमेरा आणला. दोन पोशाखांत फोटो काढला की बरा कुठला ते तो सांगायचा. २०२० मध्ये कंपनीने तो बंद केला. आम्ही यंत्राच्या जागी अनोळखी माणसं बसवली. आरशासमोरचा पूर्ण फोटो टाका, लोक मत देतील.

माझ्या बहिणीने टेस्टिंगसाठी असा एक फोटो टाकला. मैत्रिणीचा गुडघ्यापर्यंतचा ड्रेस होता. टाकण्याआधी तिने विचारलं, “ताई, कोण कोण बघंल?” मी म्हटलं, फक्त मुलीच. बटणाखाली तसं लिहिलंही होतं. ते वाक्यही माझंच.

कुणीतरी स्क्रीनशॉट घेतला. कुणी, ते आजही कळलेलं नाही. आठवड्याभरात तो गावाच्या मुंबईच्या ग्रुपवर होता आणि तिथून तिच्या चुलत्याच्या फोनवर. तिचा फोन दोन महिने काढून घेतला. कॉलेज बंद करायची भाषा झाली. आत्या आडवी पडली म्हणून कॉलेज वाचलं. टीमच्या कागदावर या सगळ्याची नोंद ‘एज केस’ अशी झाली.

मला सांगण्यात आलं की दोष ॲपचा नाही, तुमच्या गावच्या मानसिकतेचा आहे. चुलता चुकलाच, मी त्याला तोंडावर सांगितलंय. पण वेण्णेला पावसाळ्यात पूर येतो हे माहीत असताना बुटका पूल बांधायचा आणि माणूस वाहून गेलं की नदीच्या स्वभावाला नावं ठेवायची, हा कुठला न्याय? बँकांची ॲप्स स्क्रीनशॉट घेऊ देत नाहीत हे तुम्ही पाहिलं असेल. अँड्रॉइडवर ती सोय करायला चार ओळींचं कोड लागतं. दुसऱ्या फोनने फोटो काढता येतोच, मान्य. पण त्याला ठरवून करावं लागतं, चालता चालता होत नाही. आम्ही ती सोय केली नाही, कारण स्क्रीनशॉट म्हणजे फुकटची जाहिरात, असं ठरलं होतं. पैसे सुरक्षित ठेवता येतात, मुलीचा फोटो ठेवता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी तंत्रज्ञानाची अडचण पुढे करू नये.

तुमच्यापैकी कितीतरी जणी डिझाइन शिकताय, कोड लिहिताय. उद्या असं काम तुमच्या टेबलावर येईल. तेव्हा एवढ्या गोष्टींवर अडून बसा. फोटो कपड्याचा घ्या, हँगरवरचा, चेहऱ्याची गरजच नाही. कपाट सुरुवातीला बंद असू द्या, जिला उघडायचं ती स्वतः उघडेल. आडनाव विचारू नका. एका कपड्याला चार जणी जोडता येऊ द्या आणि चौघींनी हो म्हटल्याशिवाय तो कुणाला दाखवू नका. तारे देऊ नका. कपडा डाग न पडता परत आला की नाही, एवढं पुरे. आणि नाही म्हणायची अशी सोय ठेवा की समोरचीला ते लागणार नाही. गावात बायका “इस्त्रीला दिलीय” म्हणतात, तसं काहीतरी.

या यादीने ॲप सावकाश वाढेल, असं मला सांगितलं गेलं. खरं आहे, सावकाशच वाढेल. मी ते काम सोडलं. माझ्या सात स्क्रीन त्यांच्याकडे आहेत.

यंदा यात्रेला घरी गेले तेव्हा माझ्याकडे नेसायला काही नव्हतं. बहिणीने कपाट उघडून काकीची पैठणी काढली. काकीला आधी फोन केला, मग माझ्या हातात दिली. ब्लाउज मला घट्ट होत होता. आत्याने रात्री बसून शिलाई उसवली आणि माया सोडली. निघताना मी विचारलं, परत कधी आणू?

“राहू दे तुझ्याकडं,” बहीण म्हणाली. “लागली की फोन करीन. फोटो तेवढा नको काढू.”