फ्रिजच्या उजेडातला कुंदा

गणपतीत पाहुण्यांसाठी आणलेला कुंदा उरला होता. रात्री साडेअकराला सगळे झोपल्यावर मी फ्रिज उघडला आणि दिवा न लावता, तिथंच उभी राहून चमच्यानं खायला लागले. चव कसली घेते, नुसतं उरकत होते. मागं चाहूल लागली. नववीतली लेक पाणी प्यायला उठली होती. मी चमचा पाठीमागं लपवला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशानं आणलेला कुंदा, आणि सत्तेचाळीस वर्षांची बाई चोरासारखी उभी!

ती काही बोलली नाही. पण पंधरा दिवसांनी रात्री जेवताना तिनं भात नको म्हटलं. "दुपारी वाढदिवसाला केक खाल्ला गं आई. आज मी वाईट वागले."

केक खाल्ला म्हणजे वाईट वागले! हे तिला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. शब्द माझेच होते. "आज पाप केलं बाई, दोन पुरणपोळ्या खाल्ल्या," असं मी हसत हसत किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही.

मैत्रिणींनो, माझं डाएट तिशीपासूनचं. कोबीचं सूप झालं, नुसती फळं झाली, सकाळचं लिंबू-मध झालं. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरायची, त्यातलीही निम्मी भक्ती वजनकाट्यावरची. देवालाही फसवलं म्हणायचं. आणि उपवास सोडताना साबुदाण्याची खिचडी अशी खायची की चार दिवसांचं एका दिवसात वसूल.

हे माझ्या मनाचं दुबळेपण, असंच मी समजत होते. मग अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रयोगाविषयी वाचलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालावं, हे त्याला शोधायचं होतं. त्या तरुणांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. काहीजण पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. प्रयोग संपल्यावर पोट तुडुंब भरलं तरी कित्येकांची भूक भागेना. वाचून मला रडूच आलं. ही धडधाकट पुरुषांची गत, तर माझ्या चमच्याचं काय घेऊन बसलात?

एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या दोन अमेरिकन आहारतज्ज्ञ बायकांनी १९९५ मध्ये 'इंट्युइटिव्ह ईटिंग' नावाचं पुस्तक लिहिलं. शरीराची हाक ऐकून खाणं, असं मी त्याला म्हणते. भूक लागली की खा, पोट भरलं की थांबा, कुठल्याही पदार्थाला पापी ठरवू नका. त्यांची दहा तत्त्वं आहेत आणि पौष्टिकतेचं तत्त्व त्यात अगदी शेवटी येतं. आधी अन्नाशी भांडण मिटवा, मग पालेभाजीचं बोला! मला हा क्रम फार आवडला.

ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या घरात भूक ओळखायची सवय बाईला असते कुठं? सगळ्यांचं झाल्यावर बसायचं आणि पातेल्यातलं उरलेलं संपवायचं. सासूबाई पानात शीतही टाकू देत नाहीत. पूर्वी मला त्याचा राग यायचा. त्यांनी १९७२ च्या दुष्काळात लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्यात. टाकू नये हे त्यांच्या हाडात मुरलंय. त्यांना मी काय शिकवणार? मी एवढंच केलं, आधी थोडंच वाढून घ्यायचं आणि उरलं तर सकाळी फोडणीला टाकायचं. माझं पोट म्हणजे काही उरल्यासुरल्याचा डबा नव्हे.

कुंदा मात्र मुद्दाम आणला. दुपारी जेवणानंतर, टेबलावर, बशीत घेऊन, सगळ्यांदेखत खायचा असं ठरवलं. पहिले आठ दिवस रोज खाल्ला, आणि बराच खाल्ला. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस डबा उघडायचा राहूनच गेला. बेळगावात राहून कुंद्याशी वैर धरायचं म्हणजे आधीच कठीण. सलोखा झाला ते बरं झालं. शेव-चिवड्याशी अजून जमलेलं नाही. वैताग आला की हात आपोआप बरणीकडं जातो. आणि वजन? दोन किलो वाढलं. लपवत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. मधुमेह, किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांनी दिलेलं पथ्य सोडू नका. तिथं नुसती मनाची हाक पुरत नाही. आणि घरातली वयात आलेली मुलगी जेवण चुकवत असेल, खाऊन लगेच मोरीकडं पळत असेल, पाळी बंद झाली असेल, तर "वय आहे, होतं" म्हणून सोडू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. मीही लेकीला घेऊन गेले. वेळेत आलात, म्हणाले.

वजनकाटा मी माळ्यावर टाकला होता. परवा दसऱ्याची साफसफाई करताना पाहिलं, आजूबाजूच्या सगळ्या सामानावर बोटभर धूळ, काटा मात्र लख्ख. कुणी काढला होता, ते मी विचारलं नाही. काटा उचलून भंगारवाल्याला देऊन टाकला. रात्री तिच्या आवडीचं पिठलं-भात केलं आणि चौघीजणी एकत्रच बसलो: सासूबाई, नणंद, लेक आणि मी. लेकीनं भात आधी थोडासाच घेतला. मी तिच्या ताटाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी डोळा जातच होता. मग तिनं स्वतःच पातेलं पुढं ओढलं.