कॅमेरा दिलात, पुस्तक कधी देणार?

लालबाग-परळच्या वस्तीतल्या मुलांसाठी फोटोग्राफीचं शिबिर म्हटलं की साचा ठरलेला. चार दिवस हातात कॅमेरा, चाळीचा जिना, बंद गिरणीची चिमणी, शेवटी भिंतीवर प्रदर्शन आणि पाहुण्यांचं भाषण. मग फोटो जातात कुठे? आयोजकांच्या हार्ड डिस्कवर आणि अहवालात. मुलाच्या घरी येतं ते प्रमाणपत्र. माझं भांडण या शेवटाशी आहे.

शिकवण्याशी नाही. 1855 साली याच मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला होता, हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकले. तेव्हा ही विद्या मोजक्यांची होती. आपल्या काळात सफाई कामगारांची जिणी टिपणाऱ्या सुधारक ओलवे यांनी वंचित मुलांपर्यंत कॅमेरा नेला. आता तर तो प्रत्येकाच्या खिशात आहे. अडलंय ते पुढचं पाऊल.

ते पाऊल म्हणजे मुलानं स्वतः शिवलेलं फोटोंचं पुस्तक. फोनमध्ये चारशे फोटो असतात, सोळा पानांत बारा मावतात. बाकीचे का गाळले, आजीच्या हातांनंतर नळाची रांग का आली, हे मुलालाच ठरवावं लागतं. नजर इथे घडते, बटण दाबताना नाही. दयानिता सिंग यांचं 2008 मधलं 'सेंट अ लेटर' म्हणजे कापडी डबीतल्या सात छोट्या घडीच्या वह्या. त्या आधी त्यांनी हातानं, मित्रमैत्रिणींना द्यायला बनवल्या होत्या. भिंत लागलीच नाही.

'हे महागडं काम आहे' म्हणणाऱ्यांनी कधी बाइंडरच्या दुकानात पाऊल टाकलेलं नसतं. एका मोठ्या कागदाला तीन घड्या घाला, आठ पानं, सोळा पृष्ठं. मधोमध दाभणानं भोकं, मेण लावलेला दोरा, पुठ्ठा, मैद्याची खळ, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद (ते विषारी, म्हणून मोठ्यांनीच घालावं). बाइंडर शिवायच्या घडीला जुज म्हणतात आणि त्या शिलाईला जुजबंदी. कुरआनच्या तीस पाऱ्यांचं अरबी नावही तेच. गिरगावातल्या मराठी छापखान्यांची पुस्तकंही अशाच शिलाईनं उभी राहिली. हा कारागीर शिबिराच्या निमंत्रणपत्रिकेवर कधी दिसलाय?

आता आपल्याच लोकांशी दोन शब्द. सजीवांची तसवीर जायज नाही, असं काही बुजुर्ग म्हणतील. यावर उलेमांतच एकमत नाही, आणि हजच्या अर्जाला फोटो जोडताना कुणी हुज्जत घालत नाही. आपल्या घरांत फोटो निघतो तो आधारसाठी, रेशनकार्डासाठी. बाकी आपल्याला टिपलं ते इतरांनी: रमजानमधले मोहम्मद अली रोडचे कबाब, नाहीतर 1992-93 मधली जळालेली घरं. या दोहोंच्या मधे आपण रोज जगतो ते कुठे आहे? दुपारच्या शाळेतून येणारी मुलगी, शिलाई मशीनवर वाकलेली अम्मी, ईदच्या आदल्या रात्री शेजारच्या काकूंच्या घरी जाणारा डबा? ते आपल्या मुलींनी टिपायला हवं, आणि त्यांना वर्गात पाठवायचं की नाही यावर घरात तीन दिवस चर्चा नको.

आयोजकांकडे माझी मागणी साधी आहे. शेवटच्या दिवशी पाहुण्याऐवजी बाइंडर बोलवा आणि त्याला पाहुण्याइतकंच मानधन द्या. पुस्तकाच्या दोन प्रती काढा: एक मुलाच्या घरी, दुसरी शाळेच्या वाचनालयात. तुमच्या अहवालात फोटो छापायचा असेल, तर आधी त्या मुलाला आणि त्याच्या आईबापांना विचारा.