इंडस्ट्रियल व्हिजिट यंदा इंदूरला!

इंडस्ट्रियल व्हिजिटची नोटीस लागली की हॉस्टेलमध्ये पहिला प्रश्न असतो, "जेवण आहे का?" आणि दुसरा, "पुन्हा सातपूरच का?" सातपूर-अंबडला माझा विरोध नाही. उद्या नोकरी मागायला तिथेच जायचंय. पण वर्षातून एक बस इंदूरला न्यावी, असं मला मनापासून वाटतं.

कारण सांगते. इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथे इन्फ्रारेड फ्री इलेक्ट्रॉन लेसर आहे. शिवाय १५० टेरावॅटच्या लेसरने इलेक्ट्रॉनना वेग देण्याचे प्रयोगही तिथे झाले आहेत. या दोन गोष्टींची सांगड घालायची धडपड आज जगभर चालू आहे.

फ्री इलेक्ट्रॉन लेसरमध्ये जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण अशा मांडलेल्या चुंबकांमधून नागमोडी पळवतात. वळताना ते प्रकाश सोडतात आणि पुढे एका तालात आले की तोच प्रकाश लेसर होतो. एक्स-रे हवे असतील, तर इलेक्ट्रॉनना प्रचंड ऊर्जा द्यावी लागते. म्हणून जर्मनीत २०१७ साली सुरू झालेलं युरोपियन एक्सफेल ३.४ किलोमीटर लांब आहे. गंगापूर रोडवर एवढं चालायचं म्हटलं तर आपण रिक्षा शोधतो!

हे लहान करायची युक्ती ताजिमा आणि डॉसन यांनी १९७९ मध्ये सुचवली. गंगापूर धरणात बोट गेली की तिच्यामागे लाट उठते ना, तसंच. लेसरचा अतिशय छोटा पण जबरदस्त झोत वायूत सोडला की वायूचा प्लाझ्मा होतो आणि झोतामागे लाट उठते. त्या लाटेवर स्वार झालेला इलेक्ट्रॉन एका सेंटिमीटरमध्ये जी ऊर्जा मिळवतो, तिच्यासाठी नेहमीच्या यंत्राला कित्येक मीटर लागतात. २०२१ साली शांघायच्या शास्त्रज्ञांनी अशा इलेक्ट्रॉनमधून २७ नॅनोमीटरचा लेसर प्रकाश मिळवून दाखवला. लेसरची खोली सोडली, तर मांडणी साधारण १२ मीटरची.

मग अडलंय कुठे? प्रत्येक झोत आधीच्या झोतासारखा येत नाही, इथे. हॅम्बुर्गच्या डेझी संस्थेने २०२० साली लागोपाठ एक लाख इलेक्ट्रॉन-झोतांचा प्रयोग प्रसिद्ध केला. यंत्र चोवीस तासांहून जास्त चाललं आणि लेसरमधले बारीक फरक इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेत कसे उतरतात, ते सापडलं. माझ्या मते पहिला झोत काढणं हे फिजिक्सवाल्यांचं काम, पण लाखावा झोत पहिल्यासारखा काढणं हे आपलं काम आहे. कंपनं, व्हॅक्यूम, तापमान, पॉवर सप्लाय, फीडबॅक... हे सगळं आपण पेपरपुरतं पाठ करतो आणि सबमिशन झालं की विसरतो.

"आपल्याला तिथे कोण विचारणार?" असं माझी रूममेट म्हणते. पण ही यंत्रं उद्या विद्यापीठात मावतील एवढी झाली, तर ती विकत आणायची की इथे बनवायची, हे आज शिकणाऱ्या मुलामुलींवरच ठरणार. त्यांनी निदान एकदा तरी असं यंत्र डोळ्यांनी बघायला नको का?

तेव्हा सरांना विनंती, की परवानगीचं पत्र वेळेत पाठवावं. रस्ता तर द्वारका सर्कलवरून जाणारा आपलाच मुंबई-आग्रा रोड आहे. आणि जेवणाचं म्हणाल, तर इंदूरचे पोहे आहेतच!