फुकटची विद्या व घरची बैठक

घरीं बसून विद्या मिळावी, तिच्यासाठीं परगांवीं जावें लागूं नये व पदरचा पैसा मोडावा लागूं नये, ही इच्छा आपल्या समाजांत फार जुनी आहे. माधुकरी मागून व वार लावून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या हकीकती आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नाहीं म्हणून दुसऱ्याचें पुस्तक रात्रभर जागून उतरून काढणारेही याच मातींत होऊन गेले. अशा समाजाच्या हातीं आज एक तळहाताएवढें यंत्र आलें आहे आणि त्यांतून पुस्तकें, चित्रें, गोष्टी व धडे विनामूल्य घरांत येऊन पडत आहेत. या लाभाचें आपण काय करीत आहों, याचा थोडा विचार या वार्षिकाच्या निमित्तानें करावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम या भांडारांत काय आहे तें पाहूं. बालभारतीची स्थापना १९६७ सालीं झाली. तिचीं पाठ्यपुस्तकें आज कोणासही दाम न मोजतां मोबाईलवर उतरवून घेतां येतात. तिचेंच 'किशोर' मासिक १९७१ सालापासून निघत आहे आणि त्याचे जुने अंकही आतां तसेच मोकळे आहेत. जे अंक आम्हीं लहानपणीं एकमेकांच्या हातांतून ओढून वाचले, ते आमचीं मुलें आज वाटेल तेव्हां उघडूं शकतात. केंद्र सरकारनें २०१७ सालीं 'दीक्षा' ही सोय सुरू केली. पाठ्यपुस्तकांत छापलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी क्यूआर कोडावर मोबाईल धरला कीं, त्या धड्याचें सचित्र स्पष्टीकरण समोर येतें. पुस्तकांत असे कोड घालण्याच्या कामीं सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनीं पुढाकार घेतला होता. २०२० सालीं त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हां त्याची निम्मी रक्कम त्यांनीं अखेरच्या निवडींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली, हें येथें आवर्जून सांगितलें पाहिजे.

करमणुकीचीही वाण नाहीं. प्रथम बुक्स या संस्थेनें २०१५ सालीं उघडलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टींचीं सचित्र पुस्तकें आहेत. तीं एकदां उतरवून घेतलीं म्हणजे पुढें रेंज नसली तरी वाचतां येतात. श्री. अरविंद गुप्ता यांनीं काड्यापेटी, सायकलची नळी, जुनीं वर्तमानपत्रें अशा टाकाऊ वस्तूंपासून खेळणीं करण्याच्या कृती आणि त्यांच्या जोडीला असंख्य पुस्तकें सर्वांसाठीं खुलीं ठेविलीं आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्याचे प्रमुख संपादक होते, तो मराठी विश्वकोशही घरबसल्या चाळतां येतो. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ति, जी पूर्वीं एखाद्या मोठ्या ग्रंथालयांतच दृष्टीस पडे, ती शिकागो विद्यापीठानें साऱ्या जगाला मोकळी करून दिली आहे.

तेव्हां भांडार भरलेलें आहे. आमची तक्रार भांडाराविषयीं नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, फुकट मिळणारी विद्या उंबरठ्यापर्यंत आपण होऊन येते. तिला घरांत घेऊन पाट मांडण्याचें काम मात्र घरच्या माणसासच करावें लागतें. जेथें वडील माणूस मुलाजवळ बसतें, तेथें तिची विद्या होते. जेथें मूल व मोबाईल यांना कोपऱ्यांत एकटें सोडलें जातें, तेथें तीच विद्या केव्हां नुसता खेळ होते, हें कोणास कळतही नाहीं.

हें आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं. आमचें कोऱ्हाळे बुद्रुक हें निरा-बारामती रस्त्यावरील गांव. निरा डाव्या कालव्याचें पाणी, त्यावरचा ऊस आणि जवळचा सोमेश्वर सहकारी साखर कारखाना यांवर येथील अनेक घरांचा चरितार्थ चालतो. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथीमुळें राज्यांतील शाळांना कुलुपें लागलीं व घरबसल्या शिक्षण हा शब्द घरोघर पोहोंचला. आम्हीही सकाळीं दहा वाजतां मोबाईलवर धडे पाठवूं लागलों. दोन-तीन आठवड्यांनीं ध्यानांत आलें कीं, सकाळीं पाठविलेले धडे कित्येक घरीं रात्रीं नवानंतर उघडले जातात. कारण उघड होतें. घरांत मोबाईल एकच. तो वडिलांबरोबर रानांत पाण्याच्या पाळीवर जाई आणि अंधार पडल्यावर परत येई.

आमच्या वर्गांतील एक मुलगी गणितांत हुशार होती. तिचा अभ्यास अपुरा येऊं लागला. चौकशी करतां कळलें कीं, मोबाईल घरीं आला म्हणजे प्रथम भाऊ बसे, मग तिची पाळी; आणि तिची पाळी येईपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असे. तिनें भावाविषयीं वा आईबापांविषयीं चकार शब्द काढला नाहीं. "सर, माझं नंतर होतंच," एवढेंच ती म्हणाली. तें 'नंतर' आमच्या मनांतून अद्याप गेलेलें नाहीं.

त्याच वस्तींत दुसरें एक घर होतें. तेथें तर असा मोबाईलही नव्हता. होता तो जुना टीव्ही. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननें पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं 'टिलीमिली' ही मालिका सुरू केली. पुस्तकांतील विषय घरांतल्या घरांत करून पाहण्याच्या कृतींच्या रूपानें तींत मांडलेले असत. त्या घरची आजी शेंगा फोडीत नातवाशेजारीं बसे. तिला अक्षरओळख नाहीं. परंतु कार्यक्रम संपला कीं ती विचारी, "काय सांगितलं रं आज? मला काय बी समजलं न्हाई." मग नातू सगळें पुन्हा सांगे आणि त्याची कांहीं गफलत झाली तर, "मघाशी त्या बाई तर असं म्हणत नव्हत्या," म्हणून ती त्याला अडवी. पुढें शाळा उघडल्या, तेव्हां चांगल्या मोबाईलवर सर्व धडे पाहिलेल्या कांहीं मुलांपेक्षां या मुलास अधिक आठवत होतें, असें आम्हीं स्वतः पाहिलें. त्याचा खरा शिक्षक कोण, तें वाचकांस सांगावयास नको.

आणि दुसऱ्यांचीं घरें दाखवितांना स्वतःचें घर झांकून ठेवणें बरें नव्हे. त्याच दिवसांत उत्तरपत्रिका तपासतांना शांतता असावी म्हणून आम्हीं आमच्या मुलाच्या हातीं मोबाईल दिला व "गोष्टी बघ" म्हणून सांगितलें. गोष्टी चांगल्याच होत्या, मराठी होत्या. परंतु एक गोष्ट संपली कीं दुसरी आपोआप सुरू होई आणि दुसरीच्या मागून येणारी तिसरी आम्हीं निवडलेली नसे. महिन्याभरानें आम्हीं त्याला विचारलें, "कालची गोष्ट सांग पाहूं." त्याला एकही नीट सांगतां आली नाहीं. जाहिरातींतील गाणीं मात्र त्याला तोंडपाठ होतीं. दोष मुलाचा नव्हता. आम्हांस हवी होती ती शांतता आम्हीं घेतली व तिचें मोल त्यानें दिलें.

हा अनुभव आमच्यापुरता नाहीं. 'असर' या नांवानें ग्रामीण भारतांतील मुलांची जी पाहणी होते, तिच्या २०२४ च्या अहवालांत १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकीं ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरतां येतो असें आढळलें. पाहणीपूर्वीच्या आठवड्यांत अभ्यासासाठीं तो वापरल्याचें ५७ टक्के मुलांनीं सांगितलें, तर समाजमाध्यमांसाठीं वापरल्याचें ७६ टक्के मुलांनीं. त्याआधीं, २०२३ सालीं, १४ ते १८ वयोगटाची पाहणी झाली होती. फोन वापरतां येणाऱ्या मुलग्यांपैकीं ४३.७ टक्क्यांपाशीं स्वतःचा फोन होता. मुलींत हें प्रमाण १९.८ टक्के होतें. आमच्या विद्यार्थिनीचें 'नंतर' या आंकड्यांत आम्हांस पुन्हा ऐकूं आलें.

कोणी म्हणतील, मग हें यंत्रच घराबाहेर काढावें. आम्हांस तें पटत नाहीं. ज्या गांवांत चांगलें ग्रंथालय नाहीं, ज्या घरीं पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरें पुस्तक नाहीं, तेथील मुलाच्या हातून विश्वकोश काढून घेणें हा शहाणपणा नव्हे. प्रश्न यंत्राचा नसून वेळेचा व बैठकीचा आहे, आणि तो एका गांवानें कसा हाताळला तें पाहण्यासारखें आहे. सांगली जिल्ह्यांत कडेगांव तालुक्यांतील मोहित्यांचे वडगांव येथें, टाळेबंदींतील ऑनलाइन वर्गांनंतर मुलें मोबाईल सोडीनात, असें लोकांच्या ध्यानीं आलें. तेव्हां ऑगस्ट २०२२ मध्यें गांवानें निश्चय केला. सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजे व घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद होत. साडेआठास पुन्हा भोंगा होई. मधल्या दीड तासांत मुलांनीं अभ्यास करावा व घरांत परस्परांशीं बोलावें, असा तो नियम होता. या नियमांतील खरी गोम अशी कीं, तो एकट्या मुलांसाठीं नव्हता. बापानें बातम्या पाहाव्या, आईनें मालिका पाहावी आणि मुलानें मात्र पुस्तक धरावें, असा न्याय त्यांत नव्हता.

दूरदेशींचें एक उदाहरणही याच गोष्टीची साक्ष देतें. खान अकादमीचे धडे आज जगभर विनामूल्य पाहिले जातात. मराठींतही ते आहेत. तिचे संस्थापक सलमान खान (चित्रपटांतील नव्हेत) हे २००४ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें नोकरीस होते. दूर राहणारी नात्यांतील एक धाकटी बहीण गणितांत अडली, म्हणून ते तिला टेलिफोनवरून शिकवूं लागले. इतर भावंडांनींही शिकविण्याची मागणी केली; तेव्हां २००६ पासून ते धडे यूट्यूबवर ठेवूं लागले आणि २००८ सालीं संस्था उभी राहिली. म्हणजे या प्रचंड वृक्षाचें बीज एका वडील भावानें धाकट्या बहिणीसाठीं काढलेला वेळ हेंच होय. त्या बहिणीला धडा पाहून सोडून देतां येत नसे; दुसऱ्या टोंकाला 'समजलें का?' असें विचारणारा कोणी होता. आपण आज धडा घेतों, परंतु तो प्रश्न विचारणारें माणूस गाळतों.

आपल्या खेड्यांत हें कांहीं नवें नाहीं. पावसाळ्यांतील रात्रीं एक जण पोथी वाची व दहा-वीस माणसें ऐकत. वाचणारा मध्येंच थांबे, अर्थ सांगे, म्हाताऱ्या शंका काढीत. पोथी एक, दिवा एक, परंतु तिचा उपयोग सर्वांस होई. एका पोथीवर वीस माणसें शहाणीं होत असत, तर एका मोबाईलवर घरांतील पांच माणसें कां होऊं नयेत?

यावर पालक सांगतात, "दिवसभर रानांत राबून आल्यावर शिकवायची ताकद कोणांत असते? आणि आम्ही शिकलेलों तरी कोठें आहोंत?" ही अडचण खरी आहे, तिची थट्टा करण्याचा अधिकार आम्हां पगारी माणसांस नाहीं. परंतु आम्ही शिकविण्याची मागणी करीत नाहीं, शेजारीं बसण्याची करतों. रात्रीं जेवणाआधीं अर्धा तास पुरे. मोबाईल मध्यें ठेवावा. एक गोष्ट किंवा एक धडा सर्वांनीं मिळून पाहावा. मग तो बंद करून मुलानें तोच आपल्या शब्दांत सांगावा. वडील माणसानें फक्त दोन प्रश्न विचारावेत: 'मग काय झालें?' आणि 'असें कां?' हे प्रश्न विचारण्यास शाळेचा दाखला लागत नाहीं. आज मोबाईल प्रथम भावाकडे गेला असेल तर उद्यां तो प्रथम बहिणीकडे जावा, हा नियम बापानें स्वतः घालून द्यावा.

शाळेनेंही आपला वांटा उचलला पाहिजे. पुस्तकें व गोष्टी शाळेंतच एकदां उतरवून दिल्या तर घरचा डेटा वांचतो. ज्यांच्या घरीं मोबाईलच नाहीं, त्यांच्यासाठीं सायंकाळीं एक खोली व एक पडदा मोकळा ठेवतां येईल. गळिताच्या हंगामांत ऊसतोड कामगारांच्या कोप्या आपल्या शिवारांत पडतात. त्यांतील मुलांपर्यंत फुकटच्या विद्येचा ओघ पोहोंचत नसेल, तर तिला सर्वांसाठीं मोकळी म्हणण्यांत अर्थ नाहीं. आपल्या वरच्या वर्गांतील चार विद्यार्थ्यांनीं आठवड्यांतून एक सायंकाळ तेथें जाऊन गोष्टी दाखविल्या व ऐकविल्या, तर त्यांत खर्च कांहींच नाहीं. येत्या हंगामांत आमच्या वर्गानें हें करून पाहावें असा आमचा मानस आहे आणि त्यासाठीं नांवें घेण्यास आम्हीं आरंभ केला आहे.

विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, तुमच्या आजोबांना एका पुस्तकासाठीं जेवढे श्रम पडत, तेवढे तुम्हांला साऱ्या ग्रंथालयासाठींही पडत नाहींत. हें भाग्य लहान नव्हे. परंतु जें पाहाल तें घरीं कोणाला तरी सांगा. आजीला सांगा, धाकट्या भावंडाला सांगा. सांगतां आलें तेवढेंच आपलें झालें असें समजा. आणि पालकहो, फुकटच्या विद्येसाठीं तुम्हांपाशीं कोणी पैसा मागत नाहीं. तिला तुमचा अर्धा तास हवा आहे. तो मात्र तुमच्यावांचून दुसरें कोणी देऊं शकणार नाहीं.