तंबाखू सोडणाऱ्याच्या वाटेत चिठ्ठी नको

निकोटिनचा गम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, अशी मागणी गेल्या काही वर्षांत दिल्लीत पुन्हा पुन्हा वर येते आहे. सध्या 2 मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये चिठ्ठीविना मिळतो, 4 मिलिग्रॅमला चिठ्ठी लागते. ही मुभा काढून घेतली तर मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाचे फारसे अडणार नाही, कारण तिथे गल्लीच्या टोकाला दवाखाना आहे. अडेल ते पाटोद्यासारख्या तालुक्यातल्या माणसाचे. राज्यातल्या औषध विक्रेत्यांनी हा प्रश्न आपला मानावा आणि आपापल्या खासदार-आमदारांना या बंधनाविरुद्ध उभे करावे, अशी या मासिकाची स्पष्ट भूमिका आहे.

पाटोदा हा बालाघाटच्या डोंगररांगेतला, बीड जिल्ह्यातला तालुका. मांजरा नदी इथेच उगम पावते, पण पाण्याची ओढ कायमची. जिरायती शेतीवर वर्ष निघत नाही, म्हणून मुकादमाची उचल घ्यायची आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडीने ऊसतोडीला निघायचे, हा इथल्या हजारो घरांचा परिपाठ आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर पाच-सहा महिने कोपीत काढायचे. पहाटे अंधारात उठल्यावर बाईच्या बोटावर मिसरी असते, तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. पुरुषाच्या तळहातावर तंबाखू-चुना मळला जातो आणि चिमूट ओठाखाली जाते. भूक मरते, झोप उडते, मोळ्या उचलताना अंग चालते. वर्षानुवर्षे तंबाखूने या माणसांना एवढीच सोबत दिली आहे आणि तिची किंमत पुढे तोंडाच्या कर्करोगाच्या वॉर्डात वसूल केली आहे.

महाराष्ट्राचे तंबाखूचे दुखणे चघळण्याचे आहे. प्रौढांमधील तंबाखू सेवनाच्या 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेत असल्याचे आढळले. बिडी-सिगारेट ओढणारे त्यात फक्त 3.8 टक्के होते, धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के. स्त्रियांमध्ये तंबाखू घेण्याचे प्रमाण 17 टक्के निघाले. यातल्या बहुतेक स्त्रिया कुठल्याही पानटपरीसमोर उभ्या दिसणार नाहीत. त्यांची सवय चुलीजवळ लागते आणि चुलीजवळच राहते.

अशा राज्यात कायद्याने आजवर काय केले? 20 जुलै 2012 पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. ती दरवर्षी नव्या आदेशाने पुढे चालू ठेवली जाते. बंदीमागचा हेतू चांगला होता. तरी गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या मराठवाड्यातल्या दैनिकांना आजही पुरतात, आणि साधी तंबाखू व चुन्याची पुडी कधी बंद झालीच नाही. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्राने अध्यादेश काढून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे. शाळा-कॉलेजातली मुले नव्या व्यसनाला बळी पडतील, ही सरकारची भीती पोकळ नव्हती. अमेरिकेतल्या शाळांमधले चित्र तेव्हा सर्वांसमोर होते.

पण त्याच काळात इतर देशांनी वेगळा विचार केला, तोही पाहायला हवा. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडण्यासाठी सरकारी आरोग्यसेवाच व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, मदत घेते. मुलांच्या हाती सहज पडणारे एकदाच वापरून फेकायचे व्हेप मात्र तिथे जून 2025 पासून बंद झाले. ऑस्ट्रेलियाने 2024 पासून व्हेपची विक्री औषध दुकानांपुरती ठेवली आहे. नवे व्यसन लावणारी वस्तू आणि जुने व्यसन सोडवणारी वस्तू यांत फरक करण्याचा प्रयत्न दोन्ही देशांनी केला. आपण सरसकट बंदी घातली. बिडी, सिगारेट आणि चघळायची तंबाखू मात्र बाजारात तशीच राहिली. ई-सिगारेटबद्दल तज्ज्ञांची मते आजही विभागलेली आहेत आणि तो वाद चालू राहील. चिंता पुढच्या पावलाची आहे. निकोटिनचे नाव दिसले की अडवा, ही सवय औषधालाही लागू झाली तर चूक कितीतरी मोठी ठरेल.

व्यसन लावते निकोटिन, हे खरे. पण तोंडाचा कर्करोग होतो तो मुख्यतः तंबाखूच्या पानातल्या नायट्रोसमाइनसारख्या घातक रसायनांनी, आणि गुटख्यात सुपारीही तेच काम करते. गममध्ये तंबाखूही नसते, सुपारीही नसते. त्यात असते मोजलेल्या मात्रेतले निकोटिन, तलफेची धार बोथट करण्यापुरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये निकोटिन पर्यायी उपचाराला आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. भारताच्या 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही तो आला. एका हाताने अत्यावश्यक म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने कुलूप लावायचे, हे धोरण लोकप्रतिनिधींनी मान्य करू नये.

पुरावा काय सांगतो, हेही फार्मासिस्टला नेमके ठाऊक हवे. सिगारेट सोडणाऱ्यांमध्ये निकोटिन पर्यायी उपचाराने यशाची शक्यता सुमारे दीडपट होते, असे शंभराहून अधिक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. चघळणाऱ्यांवरच्या चाचण्या खूपच कमी आहेत. त्यांत लॉझेंजचे निकाल आशादायक आहेत, गमचा पुरावा तेवढा पक्का नाही. तंबाखू चघळणाऱ्या महाराष्ट्रात हे अभ्यास वाढायला हवेत. आज हाताशी असलेली साधने तोवर काढून घेण्याचे कारण मात्र यातून निघत नाही.

पाटोद्याच्या माणसाला चिठ्ठी म्हणजे काय, हे आता पाहू. तंबाखू सोडण्याची इच्छा ठरवून येत नाही. शेजारच्या माणसाचा जबडा कापलेला पाहिला, मुलीने हट्ट धरला, तोंडात मिरची झोंबायला लागली, की त्या दिवशी तो मेडिकलच्या काउंटरवर येतो आणि विचारतो, ‘दादा, तंबाखू सुटायला काही आहे का?’ त्याच क्षणी त्याला ‘आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा’ म्हटले तर त्याचा अर्धा दिवस आणि रोज बुडतो. व्यसनाबद्दल बोलायला वेळ असलेला डॉक्टर गाठायचा तर अनेकदा बीडची एस.टी. धरावी लागते. हंगामात तो कर्नाटकातल्या फडावर असेल तर तेही जमत नाही. तलफ सर्वांत तीव्र असते ती पहिल्या दोन-तीन दिवसांत. चिठ्ठी हाती येईपर्यंत ते दिवस निघून जातात आणि पुडी पुन्हा कनवटीला लागते. ती पुडी देताना टपरीवाल्याने कुठलाही कागद मागितलेला नसतो.

बंधन हवे म्हणणाऱ्यांच्याही काही रास्त शंका आहेत. काही ठिकाणी गम पानटपरीवर लटकलेला दिसतो, त्याला पुदिन्याची चव असते, मुले तो गोळीसारखा घेतील, आणि काही जण महिनोन्‌महिने गमलाच चिकटून राहतील. यावर उपाय आहेत. विक्री फक्त नोंदणीकृत फार्मासिस्ट असलेल्या दुकानातून व्हावी. अठरा वर्षांखालच्यांना देऊ नये. पाकिटावर मराठीत वापराची पद्धत आणि कमाल मुदत छापावी. एवढे नियम केले तर मुलांचे रक्षण होते आणि मजुराची वाटही मोकळी राहते. असे नियम आले तर औषध विक्रेत्यांनी त्यांचे स्वागत करावे.

त्यासाठी आपले काउंटर मात्र तेवढ्या योग्यतेचे असायला हवे. गम देताना दोन मिनिटे न बोलणारा फार्मासिस्ट चिठ्ठीच्या बाजूने नकळत मत देत असतो. गम सतत चघळायचा नसतो, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलेच नसते. तो हळू चावायचा, तोंडात तिखटसर झिणझिणी जाणवली की थांबायचे आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. चव ओसरली की पुन्हा चार-दोनदा चावून दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असे साधारण अर्धा तास. आयुष्यभर गालात चिमूट धरलेल्या माणसाला ही रीत चटकन कळते. तो गम साध्या च्युइंगमसारखा भरभर चघळला तर निकोटिन पोटात जाते, उचक्या लागतात, मळमळते, आणि ‘हे औषध सोसत नाही’ म्हणून तो दुसऱ्या दिवशी सोडून देतो. गम घेण्याआधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी किंवा लिंबू सरबत घेऊ नये, कारण त्यातील आम्लामुळे निकोटिन तोंडातून नीट शोषले जात नाही. सकाळ-संध्याकाळ चहावर चालणाऱ्या पाटोद्यात ही सूचना सर्वांत आधी द्यावी लागते.

गम सगळ्यांसाठी नाही, हेही काउंटरवरच ओळखावे लागते. गुटखा-सुपारीने तोंड आखडलेल्या माणसाला गम चावताच येत नाही. तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नसतील तर त्याला दंतवैद्याकडे पाठवावे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर गमची विक्री बाजूला ठेवून आधी तपासणीचा आग्रह धरावा. गरोदर बाई आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण यांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गम देऊ नये. बाकीच्यांना 1800-11-2356 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक पाकिटावर लिहून द्यावा. तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला असूनही कोणी न वाचलेला तो हाच क्रमांक.

लोकप्रतिनिधींकडे मागण्याही ठोस हव्यात. चिठ्ठीचा नियम केंद्राच्या अखत्यारीत आहे, म्हणून बीडच्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा. पाटोदा ज्या आष्टी विधानसभा मतदारसंघात येतो तिथल्या आमदारांनी, आणि राज्यातल्या प्रत्येक आमदाराने, ग्रामीण रुग्णालयात व प्राथमिक आरोग्य केंद्रात गम आणि लॉझेंज मोफत मिळावेत, असा आग्रह धरावा. दिवसाला आठ-दहा गम लागले तर तो खर्च ऊसतोड मजुराला आठवडाभरही झेपणारा नाही. या मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ उभे आहे, उसाच्या दर टनामागे त्यासाठी निधी ठरवलेला आहे. हंगामाला निघणाऱ्या टोळ्यांची तोंडाची तपासणी आणि व्यसन सोडवण्याचे साहित्य या निधीतून देता येईल. गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ने गावोगावी दारू-तंबाखूविरोधी काम करताना उपचारालाही तेवढेच स्थान दिले. बीडमध्ये तसे काही उभे राहायला अडचण पैशाची कमी आणि इच्छेची जास्त आहे.

या महिन्यात प्रत्येक तालुका औषध विक्रेता संघटनेने एक पत्र लिहावे, एक प्रत खासदारांना, एक आमदारांना. पत्रात दोनच मुद्दे असावेत: 2 मिलिग्रॅमच्या निकोटिन गमवर चिठ्ठीची सक्ती आणू नये, आणि तो सरकारी रुग्णालयातून मोफत द्यावा. सोबत आपल्या दुकानात तंबाखू सोडण्यासाठी किती माणसे विचारायला येतात, त्याची महिनाभराची नोंद जोडावी, नावे न लिहिता. दसऱ्यानंतर टोळ्या फडावर निघतील. पत्र त्याआधी पोहोचायला हवे.